सेटलमेंटनंतरचे पहिले महिने

रेल्वेत निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी होते. हार, फोटो, घरापर्यंत सोडायला आलेले सहकारी, आणि हातात पेन्शन पेमेंट ऑर्डर. पुढच्या काही दिवसांत तोच माणूस प्लास्टिकची पिशवी घेऊन सल्लागाराच्या टेबलासमोर बसतो. पिशवीत पासबुकं, जुन्या विम्याच्या पावत्या आणि सेटलमेंटचे कागद. प्रश्न एकच असतो: एवढे पैसे आता ठेवायचे कुठे?

चरोद्यात हा प्रश्न दोन तऱ्हांनी येतो. हे गाव भिलाईच्या मार्शलिंग यार्डाचं. रेल्वेवाले त्याला ‘बीएमवाय’ म्हणतात. यार्ड, लोको शेड, रेल्वे कॉलनी इथे, आणि १९५९ पासून लोखंड ओतणारा पोलाद कारखाना शेजारी. छत्तीसगडचा हा भाग १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता, त्यामुळे इथे मराठी घरंही जुनी आहेत. सल्लागार एकाशी हिंदीत बोलतो, दुसऱ्याशी छत्तीसगढीत, तिसऱ्याशी ‘काका, आधी चहा घ्या’ म्हणत मराठीत. पण भाषेपेक्षा महत्त्वाचं हे, की समोरचा माणूस रेल्वेचा आहे की कारखान्याचा.

२००४ पूर्वी लागलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं पेन्शन मिळतं, वर महागाई भत्ता. मूळ पगार ६०,००० असेल तर पेन्शन ३०,०००. त्यातला ४० टक्के भाग, म्हणजे १२,००० रुपये, विकून एकरकमी पैसे घेता येतात. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यासाठी गुणक ८.१९४ असतो, १२,००० गुणिले १२ गुणिले ८.१९४, म्हणजे ११,७९,९३६ रुपये. बदल्यात १५ वर्षं दरमहा १२,००० कमी मिळतात. कागदावर ही वजावट २१,६०,००० होते, आणि इथेच लोक दचकतात. मग सल्लागार कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून समजावतो: महागाई भत्ता पूर्ण ३०,००० वरच मिळत राहतो, आणि विकलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो. मुलीचं लग्न किंवा घराचं कर्ज डोक्यावर असेल तर हा सौदा वाईट नाही. गरज नसताना मात्र केवळ मोठा आकडा बघून पेन्शन विकणं त्याला पटत नाही.

कारखान्यातून आलेल्या माणसाचं चित्र उलटं असतं. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून हातात मोठी रक्कम, पण ईपीएसचं, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेचं, पेन्शन तुटपुंजं. १५,००० च्या वेतनमर्यादेवर ३५ वर्षांची सेवा धरली तरी हिशेब ७,५०० रुपयांवर थांबतो, आणि त्याला महागाई भत्ता नाही. वाढीव पगारावर पेन्शनचा पर्याय ज्यांना लागू झाला, त्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांना त्या मोठ्या रकमेतूनच दरमहाचा पगार तयार करावा लागतो. एकाच गल्लीतल्या दोन शेजाऱ्यांनी एकमेकांचं बघून गुंतवणूक करू नये, हे सांगण्यात या कामाचा बराच वेळ जातो.

पहिला आधार बहुधा पोस्टातला. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्के दराने त्यावर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज येतं. व्याज करपात्र आहे, हे मात्र वेगळं सांगावं लागतं.

अडचण पैशापाठोपाठ दारात पोचणाऱ्यांची आहे. खात्यात रक्कम दिसली की फोन सुरू होतात, आणि साठीतल्या माणसाच्या गळ्यात दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी पडते. तिच्या पहिल्या हप्त्यातून विकणाऱ्याला कमिशन मिळतं. सेबीचे २०१३ चे नियम सल्ला आणि विक्री वेगळी ठेवायला सांगतात: नोंदणीकृत सल्लागार ग्राहकाकडून शुल्क घेतो, आणि त्याच ग्राहकाला माल विकून कमिशन मिळवू शकत नाही. नियम चांगला आहे. पण डॉक्टरला फी देणारा माणूस ‘हे नको घेऊ’ एवढ्या सल्ल्याचे पैसे द्यायला बिचकतो. लहान गावात शुल्कावर चालणारं कार्यालय टिकवणं म्हणूनच कठीण, आणि तसं कार्यालय असणं तितकंच गरजेचं.

जो हे काम मनापासून करतो, तो पहिले काही महिने रक्कम साध्या ठेवीत पडू देतो. खर्चाची वही मागतो. आणि दुसऱ्या भेटीला काकूंना सोबत आणायला सांगतो. अनेक घरांत बाईला नवऱ्याच्या खात्यांची नावंही ठाऊक नसतात. म्हणून तिच्यासमोर नॉमिनीची नावं तपासली जातात, पेन्शन ऑर्डरवर तिची जन्मतारीख बरोबर आहे का ते पाहिलं जातं. रेल्वेतल्या नवऱ्याने पेन्शनचा भाग विकला असला तरी कुटुंब पेन्शन त्यामुळे कमी होत नाही. सर्वसाधारण दराने ते शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के, म्हणजे वरच्या उदाहरणात १८,००० रुपये आणि त्यावर भत्ता. हा आकडा तिला तिच्याच हाताने वहीत लिहायला लावतात, खाली बँकेच्या शाखेचं नाव आणि पेन्शन ऑर्डरचा क्रमांक.