गवंड्याला पेलेल असा नियम

नेपाळकडे इमारत संहिता नव्हती असं नाही. १९८८ च्या भूकंपानंतर ती लिहायला घेतली आणि १९९४ मध्ये तयारही झाली. पण ललितपूरसारखी नगरपालिका ती प्रत्यक्ष लागू करू लागली ती २००३ मध्ये, आणि डोंगरातल्या खेड्यांपर्यंत तर ती पोचलीच नाही. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसं गेली, जवळपास पाच लाख घरं जमीनदोस्त झाली. त्यांतली बहुतेक दगड-मातीची. अशा वेळी नियम आणखी कडक करा, अशी मागणी हमखास होते. पण जिथे सिमेंटची गोणी पाठीवरून चढवावी लागते, तिथे फक्त आरसीसी (लोखंडी सळया घातलेलं काँक्रीट) ओळखणारा नियम घर सुरक्षित करत नाही, ते बेकायदा तेवढं ठरवतो.

पुनर्बांधणीत नेपाळने हे ओळखलं. सरकारने घरांचे जे नमुने काढले त्यांत दगड-मातीचं घरही होतं, अटींसह. दगडी भिंत बहुधा आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन थरांची असते. हादऱ्याने ते सुटे होतात, पोट फुगतं आणि भिंत फुटते. म्हणून दोन्ही थरांना शिवणारे आरपार दगड ठरावीक अंतरावर घालायचे आणि खिडकीखाली, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर व छताखाली घरभर फिरणारा लाकडाचा किंवा काँक्रीटचा पट्टा द्यायचा. गावच्या गवंड्याला चार दिवसांत शिकवता येईल असं हे काम. घरामागे तीन लाख नेपाळी रुपयांचं अनुदान तीन हप्त्यांत होतं आणि पुढचा हप्ता पाहणीनंतरच. माझ्या मते खरी सुधारणा या हप्त्यांत होती, कारण त्यामुळे नियम पाळणं मालकाच्याच फायद्याचं झालं.

गरिबाला दुय्यम सुरक्षितता का, हा आक्षेप वजनदार आहे. पण त्याच्यासमोरचा पर्याय अभियंत्याने आखलेली इमारत हा नसतो. पट्टा नसलेली तीच जुनी भिंत हा असतो. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड धाबं काय करतं, हे आपण १९९३ मध्ये किल्लारीच्या भूकंपात पाहिलं. शिवाय सळयांभोवतीच्या रिंगा नीट न वळवलेला आरसीसी खांब काही कमी घातक नाही. दुसऱ्या आक्षेपाला मात्र उत्तर देणं कठीण आहे: अनेकांनी हप्त्यापुरती एक खोली बांधली आणि राहणं तडे गेलेल्या जुन्या घरातच चालू ठेवलं. धान्य, गुरं, वाढतं कुटुंब त्या खोलीत मावणार कुठे? नमुना पुढे वाढवता येणारा हवा होता, आणि वाढीव बांधकामाचीही पाहणी व्हायला हवी होती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये नेपाळच्याच जाजरकोट जिल्ह्यात २०१५ पेक्षा कितीतरी लहान भूकंप झाला, तरी दीडशेहून अधिक माणसं मेली. कोसळली ती पुन्हा दगड-मातीचीच घरं; हा जिल्हा २०१५ च्या पुनर्बांधणीबाहेरचा. आपत्तीनंतरच पैसा आणि पाहणी येणार असेल, तर प्रत्येक जिल्ह्याला आधी पडावं लागेल. बांधकाम परवाना आता नेपाळच्या ७५३ स्थानिक संस्थांच्या हाती आहे. परवान्यासोबत थोडं अनुदान आणि पाया भरताना एक पाहणी, एवढं त्यांना आजही जोडता येईल.