पोथ्यांचें बंधन आणि सरकती गांठ

जुन्या पोथीच्या अखेरीस लिहिणारानें केलेली विनवणी आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. तेल व पाणी यांच्या जोडीनें तेथें शिथिल बंधनाचेंही भय सांगितलेलें असतें. पहिल्या दोहोंविषयीं संग्राहक सावध असतात. तिसऱ्याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होतें. म्हणून त्यासंबंधीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सुट्या पानांची पोथी दोन फळ्यांमध्यें ठेवून, वर बासन गुंडाळून दोरीनें बांधण्याची आपली रीत उत्तमच आहे. परंतु दोरी सैल असली म्हणजे पानें सरकतात, कडा फळीबाहेर येऊन मोडतात, आणि एखादें पान केव्हां गळालें याचा पत्ताही लागत नाहीं. उलट दोरी फार आवळली तर ती कडांत रुतते व जीर्ण कागद तेथेंच तुटतो. बरें, एकदां बेतानें बांधलें म्हणजे काम संपलें, असेंही नाहीं. कागद हवेंतील ओलावा शोषून पावसाळ्यांत फुगतो व उन्हाळ्यांत आकसतो. आषाढांत ठीक बसलेली दोरी वैशाखांत ढिली पडते. अर्थात् जें हवें तेव्हां कमीजास्त करतां येईल, तेंच पोथीचें खरें बंधन.

सुरगांठ ओढतांच सुटते. निरगांठ सुटत नाहीं म्हणून उतावळा मनुष्य तिला कात्री लावतो. या दोहोंहून निराळी अशी तिसरी एक जात आहे. दोरीवर ताण असेपर्यंत ती जागची हालत नाहीं, पण गांठच हातांत धरून सरकविली असतां सरकते. तिला आपण धरगांठ म्हणूं. तिचें मर्म घर्षणांत आहे. वेढ्यांवर ओढ बसली कीं ते आवळतात, आंतल्या दोरीस किंचित् वांकवितात व तिच्यावर जखडतात. ओढ गेली कीं पकड सुटते. क्लिफर्ड अॅश्ली यांच्या १९४४ सालीं निघालेल्या गांठींवरील बृहद्ग्रंथांत या जातीचे अनेक प्रकार आहेत. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलेली गांठही याच कुळांतली.

पोथीसाठीं कृति अशी: दोरी सुती, गोल व मऊ घ्यावी; सपाट नाडीवर वेढे नीट बसत नाहींत. एका टोंकास निरगांठ मारून लहान, पक्का फांसा करावा. दोरी बासनाभोंवतीं फिरवून मोकळें टोंक फांशांतून ओवावें व उलट वळवून मूळ दोरीवर आणावें. या दोन पदरांच्या मध्यें, फांशाच्या बाजूस, मूळ दोरीला दोन वेढे द्यावे. मग टोंक त्या वेढ्यांवरून पलीकडे नेऊन त्याच दिशेनें तिसरा वेढा घ्यावा व टोंक त्याच्याच खालून ओढून घ्यावें. गांठ फांशापासून दूर सरकविली कीं बंधन आवळतें. फांशाकडे आणली कीं सैल होतें. दोरी रेशमी व निसरडी असल्यास आंत एक वेढा वाढवावा. फांसा व गांठ दोन्हीं फळीच्या पाठीवर यावीं, पानांच्या कडेवर कधींही नयेत.

पावसाळ्याच्या आरंभीं व पुन्हां तो संपल्यावर प्रत्येक बासनाची गांठ हातानें चांचपून पाहावी. दोन बोटें इकडे किंवा तिकडे, एवढेंच काम; परंतु तेवढ्यानें शेंकडों वर्षांपूर्वींच्या त्या लिहिणाराचा शब्द राखला जातो.