एका नगाची मागणी

घरच्या घरी विद्युत्-उपकरणे जुळवण्याचा छंद असलेल्या माणसाचे कपाट उघडले, तर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात वसवलेला पॉवर सप्लाय, साबणपेटीत कोंबलेला ध्वनिवर्धक, आणि कसल्याही आवरणावाचून लाकडी फळीवर आवळलेला एखादा रेडिओ असा संसार तेथे हटकून आढळतो; आणि याचे कारण आळस नव्हे, तर सर्किट जुळवण्याची विद्या जितक्या विपुल ग्रंथांतून लाभते तितकी त्या सर्किटाला साजेल अशी पत्र्याची पेटी करवून घेण्याची लाभत नाही, हे होय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (दप्तरी नाव डॉ. भडकमकर मार्ग, परंतु त्या नावाने पत्ता विचारणारे गिऱ्हाईक विरळा) किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास रोधक, धारक आणि ट्रान्झिस्टर हवे तितके मिळतात, काही ठरावीक मापांच्या पेट्याही मिळतात, मात्र आपला ट्रान्सफॉर्मर, आपला पंखा आणि आपली बटणे नेमकी सामावून घेणारी पेटी दुकानाच्या फळीवर सापडणे हा निव्वळ योगायोग समजावा.

पेटी धातूचीच हवी, हा आग्रह मात्र शोभेपुरता नाही. मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली धातूने मढवलेल्या, खोलीएवढ्या पिंजऱ्यात स्वतः शिरून असे दाखवून दिले की, बाहेर प्रचंड दाबाच्या विजेच्या ठिणग्या उडत असताही आतल्या विद्युद्दर्शकावर तिचा मागमूस उमटत नाही. आणि रेडिओलहरींचा उपद्रव टाळण्यासाठी आपण आजही तेच तत्त्व वापरतो. येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. एक मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरी ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आतच क्षीण होतात, म्हणून त्यांना पातळ पत्राही पुरतो. परंतु घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेच्या बाबतीत हीच खोली सुमारे १२ मिलिमीटर भरते, सबब ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्वनिवर्धकात शिरणारी घुरघुर दीड मिलिमीटर ॲल्युमिनियमने थांबेल अशी आशा धरणे व्यर्थ आहे. तेथे पोलादी पत्रा बरा, आणि त्याहूनही बरे म्हणजे ट्रान्सफॉर्मर पेटीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवणे. ॲल्युमिनियमच्या बाजूनेही बोलण्याजोगे पुष्कळ आहे: ते पोलादाच्या जवळजवळ एकतृतीयांश वजनाचे, कानशीला नरम आणि उष्णता झपाट्याने वाहून नेणारे असल्यामुळे तापणारे भाग थेट पेटीच्या पाठीलाच आवळता येतात. फक्त, एलएम ३१७ सारख्या नियामकाची धातूची पाठ त्याच्या आउटपुटशीच जोडलेली असते, म्हणून मध्ये अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकचे बुश घातल्यावाचून तो पेटीला टेकवू नये. वायफायचा अँटेना बंद धातूच्या पोटात ठेवून संदेश पोचत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी फॅरडे यांना दोष देऊ नये, अँटेना बाहेर काढावा.

लहानसहान कामाला ओतीव ॲल्युमिनियमच्या तयार पेट्या उत्तम. कॅनडातील हॅमंड कंपनीची १५९०बी ही सुमारे ११२ × ६० × ३१ मिलिमीटरची पेटी गिटारवादकांच्या पेडलांमुळे इतकी रूढ झाली आहे की तिच्या मापाच्या नकला सर्वत्र मिळतात. सेंटर पंच, स्टेप ड्रिल आणि कानस एवढ्या सामग्रीवर तिला घरी भोके पाडता येतात. परंतु पुढच्या पट्टीवर मीटरची चौकोनी खिडकी आणि मागे पॉवर सॉकेटचा गाळा कापायचा असेल, तर कानशीच्या मेहनतीला मर्यादा पडते, आणि मग भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या शीट मेटलच्या कारखान्याची पायरी चढावी लागते.

तेथे पहिला प्रश्न येतो, ‘किती नग?’ या प्रश्नात उपमर्द नसतो. लेझरचा दर कापाच्या लांबीवर किंवा यंत्राच्या वेळेवर, बेंडिंगचा दर दुमडींच्या संख्येवर, पावडर कोटिंगचा क्षेत्रफळावर किंवा वजनावर. परंतु या सर्वांआधी यंत्र मांडण्याचा जो सेटिंगचा खर्च असतो, तो एका नगालाही तेवढाच आणि शंभर नगांनाही तेवढाच. म्हणून एकट्या नगाचे गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की मालकाचे लक्ष उडते, आणि ते स्वाभाविकच आहे. त्यापेक्षा आपणच कारखान्याच्या शिरस्त्याला वळसा न घालता त्यात बसावे: त्या दिवशी यंत्रावर कोणत्या जाडीचा पत्रा चढला आहे ते विचारावे, मोठ्या कामातून उरलेल्या तुकड्यात आपला नग निघतो का पाहावे, आणि रंगही ज्या रंगाची पावडर त्या आठवड्यात चालू असेल तोच पत्करावा. तीन मिलिमीटरच्या चकचकीत ॲल्युमिनियम पट्टीचा मोह पुष्कळांना पडतो, पण माझ्या मते घरगुती उपकरणाला एक मिलिमीटरचा मामुली सीआर (कोल्ड रोल्ड पोलादी) पत्रा सहसा पुरतो, आणि तो कोणत्याही कारखान्यात हजर असतो.

खरी अडचण नकाशात असते. कारखाना आणि गिऱ्हाईक यांमधला करारनामा म्हणजे त्या नकाशाची डीएक्सएफ फाइल आणि तिच्यासोबतचा मापांचा कागद. तोंडी सांगितलेले बारकावे बेंडिंगवाल्यापर्यंत पोचतच नाहीत. समजा, १५० मिलिमीटर रुंद तळ आणि दोन्ही बाजूंस ५० मिलिमीटर उंच भिंती अशी चॅसिस बाहेरच्या मापाने हवी आहे. तर सपाट पत्रा २५० मिलिमीटर कापून चालत नाही, कारण दुमडताना बाहेरची बाजू ताणली जाते, आणि एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात, आतली त्रिज्याही तेवढीच धरली, तर दोन दुमडी मिळून सुमारे साडेतीन मिलिमीटर वजा करावे लागतात. ही वजावट प्रत्येकाच्या डायप्रमाणे बदलते, म्हणून ती आपण ठरवू नये. बाहेरची अंतिम मापे स्पष्ट लिहून ब्लँकचा, म्हणजे कापायच्या सपाट पत्र्याचा, हिशेब कारखान्यावरच सोपवावा. दुमडीची कड सहा मिलिमीटरहून अरुंद ठेवली तर पत्रा डायच्या गाळ्यावर टेकत नाही, आणि दुमडीला फार चिकटून पाडलेले गोल भोक दुमडताच अंड्याच्या आकाराचे होते.

‘साहेब, दुमड वर की खाली?’ हा बेंडिंगवाल्याचा प्रश्न ऐकून मनातून हसणारे पाहिले आहेत. परंतु सपाट नकाशात दुमडीची रेघ फक्त रेघ असते, आणि तिची दिशा लिहिली नसेल तर अगदी बिनचूक मापांची पेटी आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी होऊन हाती येते, उजवीकडचे बटण डावीकडे जाते आणि आतला बोर्ड बसतच नाही. तीच खबरदारी अक्षरांबाबत: पट्टीवर ‘चालू’, ‘बंद’, ‘आवाज’ अशी देवनागरी अक्षरे कोरायची असतील, तर ती आधी वक्ररेषांत रूपांतरित करून द्यावीत, अन्यथा कारखान्याच्या संगणकावर तो फाँट नसल्यामुळे वेलांट्या सरकतात आणि जोडाक्षरे फुटतात. फाइल रवाना करण्यापूर्वी ती मूळ आकारात छापून, जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर चिकटवून, कापून, प्रत्यक्ष बटणे व सॉकेट त्यात घालून पाहणे ही तासाभराची तसदी असते, पण एखादे माप चुकले असेल तर ते पत्र्याऐवजी कागदातच उघडे पडते.

स्क्रूंचाही विचार आधीच व्हावा. एम ३ स्क्रूच्या दोन आट्यांमधले अंतर अर्धा मिलिमीटर, म्हणजे एक मिलिमीटरच्या पत्र्यात जेमतेम दोन आटे पडणार, आणि झाकण चार वेळा उघडले की ते झिजणार. तेथे रिव्हेट नट किंवा दाबून बसवायचे क्लिंच नट मागावेत. हवेसाठी लांबलचक खाच कापण्यापेक्षा लहान गोल भोकांची जाळी बरी, कारण रेडिओलहरी किती झिरपतात हे छिद्राच्या क्षेत्रफळापेक्षा त्याच्या सर्वांत मोठ्या लांबीवर अधिक अवलंबून असते. झाकण आणि पेटी यांमधली फटदेखील अशीच खाच होय. म्हणून स्क्रू अंतराअंतराने पुरेसे हवेत.

शेवटी रंग. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा, म्हणजे प्रत्येक भोकाचा व्यास सव्वाशे-दीडशे मायक्रॉनांनी घटतो, आणि घट्ट बसणारे बटण मग शिरत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की हा थर विद्युत्-रोधक असतो. २३० व्होल्टची वीज आत येणाऱ्या पेटीत अर्थिंगसाठी एक स्वतंत्र एम ४ स्टड असावा, ट्रान्सफॉर्मरच्या स्क्रूवरच अर्थची तार उरकू नये, आणि त्या स्टडभोवतीची जागा रंगापूर्वी टेपने झाकावी असे नकाशावर ठळक लिहावे. झाकणाला वेगळी हिरवी-पिवळी तार द्यावी. रंगवलेल्या दोन पत्र्यांना जोडणाऱ्या स्क्रूंवर भिस्त ठेवू नये. पेटी ताब्यात घेतल्यावर, तिचा रंग न्याहाळण्याआधी, दातेरी वॉशर घालून तार आवळावी आणि मल्टिमीटरची एक टोचणी पॉवर सॉकेटच्या अर्थच्या पिनेवर, दुसरी झाकणाच्या आतल्या उघड्या धातूवर टेकवून बीप वाजतो का ते पाहावे; न वाजल्यास टेपच्या कडेखाली शिरलेला रंग कानशीने खरवडून पुन्हा पाहावे, आणि तोवर प्लग भिंतीत घालू नये.