चमकेची साक्ष

दोन अणुगर्भ जवळ येऊ लागले की त्यांचा सारखाच विद्युत्‌भार त्यांना दूर लोटतो. सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश तापमान आहे, म्हणून तेथे त्यांचे मीलन घडू शकते. तेच मीलन टेबलावरच्या काचपात्रात घडल्याचे फ्लाइशमन व पॉन्स या रसायनज्ञांनी २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील यूटा येथे जाहीर केले. पॅलेडियम हा धातू हायड्रोजन वायू स्पंजासारखा शोषून घेतो. जड पाण्यातून वीज सोडून त्यात ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, भरावयाचा, एवढीच त्यांची कृती.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जड पाणीही होते आणि न्यूट्रॉन मोजणारे जाणते हातही होते. संचालक पी. के. अय्यंगार यांच्या उत्तेजनाने अनेक गट कामास लागले. वर्षअखेरच्या अहवालात न्यूट्रॉन व ट्रिटियम आढळल्याची नोंद होती. मात्र प्रमाण विलक्षण होते. ज्ञात नियमांनुसार दोन्ही जवळजवळ सारखे निघावयास हवेत; येथे कोट्यवधी ट्रिटियम अणूंमागे एखादा न्यूट्रॉन!

मग ट्रिटियमच खोटे असेल काय? त्याचा किरण इतका दुबळा की काचेची भिंतही ओलांडत नाही. म्हणून नमुना एका विशेष द्रवात मिसळतात. किरण लागताच तो द्रव क्षणभर चमकतो आणि प्रकाशगुणक नळी त्या चमका मोजते. साक्षीदार असा हा प्रकाश. पण तो फसवूही शकतो. घटातील पाणी क्षारयुक्त असते आणि त्याच्या रासायनिक क्रियेनेही तो द्रव चमकू लागतो. नमुना ऊर्ध्वपातनाने शुद्ध करणे, अंधारात काही काळ ठेवणे, ही दक्षता त्यासाठीच. शिवाय जड पाण्यात मुळातच थोडे ट्रिटियम असते, तेव्हा प्रयोगापूर्वीची मोजणीही तितकीच महत्त्वाची.

अडचण खरी पुढेच होती. एका घटात दिसलेले तशाच दुसऱ्या घटात दिसेना. पॅलेडियमवर लेसरचा झोत टाकून क्रिया चेतवावी व स्थिर करावी, अशीही कल्पना पुढे निघाली. २००३ मध्ये लेट्स व क्रॅव्हन्स यांनी त्यामुळे उष्णता वाढल्याचे सांगितले. परंतु जी क्रिया हुकमी घडत नाही, ती स्थिर झाली हे ठरवावे कशावरून?

गूगलच्या साहाय्याने चाललेल्या प्रयोगांचा वृत्तान्त २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यांना अशा मीलनाचा पुरावा मिळाला नाही. पॅलेडियममध्ये हायड्रोजन भरण्याच्या व उष्णता मोजण्याच्या सुधारलेल्या रीती मात्र मिळाल्या.