जमिनीखालचा नकाशा : खोगीर की बटाटे?

जमिनीखालच्या खडकांचा आराखडा काढायचा, तर आपल्या हाती असते काय? येथे एक बोअर, शंभर मीटरवर दुसरे. मधली सारी जागा अंधारात. जवळच्या नोंदींवरून अंदाज बांधून संगणक ती भरतो. पण 'जवळचे' म्हणजे कोणते? खरी गोम इथेच आहे.

ऑस्ट्रेलियातील बेंडिगोचे उदाहरण घेऊ. १८५१ साली तेथे सोने सापडले. तेथील खडकांच्या थरांना वळ्या पडलेल्या आहेत. कमानीसारख्या वर उचललेल्या वळीला अपनती म्हणतात. अशा अपनतींच्या माथ्याशी, थरांच्या मधे, सोने असलेला क्वॉर्ट्झ साचला आहे. त्याचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा. अशी खोगिरे एकाखाली एक आढळतात आणि वळीच्या कण्याबरोबर लांबवर जातात.

समजा, दोन खोगिरे एकाखाली एक, ३० मीटरवर आहेत. त्यांतले वरचे खोगीर १०० मीटरवरच्या बोअरमध्येही लागले. सर्व दिशांना अंतर सारखेच मोजणारा संगणक वरचे-खालचे एकत्र जोडील आणि जे खरोखर एकच आहे ते तोडील. चित्रात खोगिरांऐवजी बटाटे दिसतील!

एक जाड वही कमानीसारखी वाकवून धरा. एकाच पानावरून चालणारी मुंगी जे अंतर कापते, तेच खडकातले खरे 'जवळ'. थर कोणत्या दिशेला व किती अंशांनी उतरतो, हे आपण उघड्या खडकावर होकायंत्र व उतारमापकाने मोजतो. हा कल संगणकाला दिला, की थराच्या दिशेतले अंतर तो कमी धरतो आणि थराला छेदणारे जास्त. कमानीच्या दोन बाजूंचे उतार विरुद्ध असतात. म्हणून कलही जागोजाग बदलता द्यावा लागतो. एकच दिशा सगळीकडे लावली, तर खोगिराची सपाट फळी होते.

मात्र एक सावधगिरी हवी. कल आपण देतो. तो चुकला तरी चित्र तितकेच सुबक दिसते आणि त्यावर विसंबून पुढचे महागडे बोअर भलत्याच जागी घेतले जाते. म्हणून काही बोअरच्या नोंदी आपण मुद्दाम झाकून ठेवतो. तेथे काय लागेल, ते आराखड्याने आधी सांगावे. मग नोंद उघडावी. जुळले नाही, तर दोष खडकाचा नव्हे, आपल्या समजुतीचा.