कापलेल्या तुळईचा सन्मान

साहित्य, संगीत व नाट्य यांची संमेलने आपल्या परिचयाची आहेत. परंतु ज्या पोलादाच्या आधारावर आगगाड्या नद्या ओलांडतात, विमानतळांची विस्तीर्ण छपरे खांबांवाचून पसरतात आणि साठ-सत्तर मजल्यांच्या इमारती वाऱ्याला तोंड देतात, त्या पोलादाच्या बांधकाम-व्यवसायाचीही वार्षिक अधिवेशने भरतात, तेथेही निबंध वाचले जातात, पदके बहाल होतात आणि क्वचित मानापमानाचे प्रयोगही रंगतात, हे त्या व्यवसायाबाहेरच्या फार थोड्यांना ठाऊक असते.

या परंपरेचा सर्वांत ठळक दाखला अमेरिकेत सापडतो. ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ स्टील कन्स्ट्रक्शन’ ही संस्था १९२१ साली पोलादी सांगाडे घडविणाऱ्या कारखानदारांनी स्थापन केली. तिचा मूळ हेतू विद्याव्यासंगाचा नसून धंद्याचा होता, आणि तो लपविण्याचे तिला काही कारणही नव्हते. पोलादावर किती भार टाकणे सुरक्षित मानावे याविषयी एका शहराचा कायदा एक सांगे, दुसऱ्याचा दुसरे, आणि पोलाद-गिरण्यांच्या हस्तपुस्तिका तिसरेच काही. अशा अंदाधुंदीत मक्तेदाराने भाव कोणत्या हिशेबाने द्यावा? तेव्हा संस्थेने जाणत्या अभियंत्यांची समिती नेमून १९२३ साली बांधकामाची एक सर्वमान्य नियमावली प्रसिद्ध केली आणि १९२७ मध्ये अभियंत्याच्या मेजावर कायमचे ठाण मांडून बसलेला आपला जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ काढला. धंद्याच्या सोयीसाठी केलेले काम कधीकधी लोकहिताचेही ठरते, ते असे.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२८ मध्ये, संस्थेने वर्षातील सर्वांत सुंदर पोलादी पुलाला पारितोषिक देण्याचा उपक्रम सुरू केला. येथे ‘सुंदर’ हा निकष मुद्दाम ध्यानी घेण्याजोगा आहे. कारण काँक्रीटच्या सुबक कमानी लोकांच्या डोळ्यांत भरू लागल्या असताना पोलाद मजबूत खरे पण ओबडधोबड, हा समज कारखानदारांना परवडणारा नव्हता. पहिला मान मिळाला तो पिट्सबर्ग शहरात ॲलेघेनी नदीवर बांधलेल्या सिक्स्थ स्ट्रीटच्या पुलाला. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या आणि ‘तीन बहिणी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तीन सारख्या पुलांपैकी हा एक. शहराच्या कला-समितीला तेथे झुलताच पूल हवा होता. परंतु झुलत्या पुलाच्या साखळ्यांचा ताण झेलण्यासाठी दोन्ही काठांवर जे अवजड ठोकळे जमिनीत गाडावे लागतात, त्यांना तेथील काठ अनुकूल नव्हता. तेव्हा अभियंत्यांनी साखळ्यांची टोके पुलाच्याच आडव्या तुळयांना जखडली, आणि साखळी जितकी बाहेर ओढावी तितकी तुळई आत दाबली जाऊन दोघींनी एकमेकींचा हिशेब चुकता करावा, अशी योजना केली. जर्मनीत कोलोन येथे अशी रचना त्यापूर्वी झालेली होती. अमेरिकेत मात्र हे पूल त्या जातीचे पहिले. सौंदर्याचा आग्रह धरल्यामुळे अभियांत्रिकीला नवी वाट शोधावी लागली, हा भाग मला पारितोषिकापेक्षाही मोलाचा वाटतो. पुढे १९९८ साली रॉबेर्तो क्लेमेंते या लोकप्रिय बेसबॉलपटूचे नाव मिळालेला हा पूल आजही वाहतुकीत आहे.

अशा पारितोषिकांविषयी माझ्या मनात एक शंका मात्र आहे. वास्तूचा गौरव तिच्या बाल्यावस्थेत होतो आणि तिची परीक्षा पुढे अनेक वर्षे चालते. कॅन्सस सिटी येथील केम्पर अरीना हे क्रीडागृह १९७४ साली उघडले. त्याचे छप्पर बाहेरून दिसणाऱ्या प्रचंड पोलादी कैच्यांना खाली टांगलेले होते, आणि त्या धाडसी रचनेबद्दल वास्तुशिल्पज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेने १९७६ साली त्याला सन्मान दिला. ४ जून १९७९ च्या सायंकाळी मुसळधार पाऊस आणि सोसाट्याचा वारा यांत त्या छपराचा मोठा भाग कोसळला. पावसाचे पाणी छपरावर साचून राहिले होते आणि टांगणीचे उच्चशक्तीचे बोल्ट वर्षानुवर्षांच्या हेलकाव्यांनी थकलेले होते. सभागृह त्या वेळी रिकामे होते, म्हणून अनर्थ टळला. परीक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. बोल्टचा थकवा छायाचित्रात दिसत नाही.

या दृष्टीने अधिवेशनांचे महत्त्व मला अधिक वाटते. तेथे प्रदर्शनाच्या दालनात बोल्ट, कापणीयंत्रे आणि संगणकीय प्रणाली विकणाऱ्यांचा गलबला असतो, हे खरे. परंतु शेजारच्या सभागृहात आराखडा करणारा अभियंता, त्यावरून बारीकसारीक नकाशे काढणारा, कारखान्यात घडविणारा आणि जागेवर उभारणी करणारा हे चौघे एका छपराखाली बसतात, आणि काय मोडले व का मोडले याची चर्चा होते.

याचेच एक उदाहरण पाहा. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे लॉस एंजेलिस शहराच्या नॉर्थरिज भागात भूकंप झाला. पोलादी चौकटींच्या इमारती उभ्या राहिल्या, भिंतीही फारशा तडकल्या नाहीत, आणि या व्यवसायाने समाधानाचा निःश्वास टाकला. पुढे आवरणे काढून सांधे तपासू लागल्यावर, तुळई खांबाला जेथे वेल्डिंगने जोडलेली होती तेथेच, शंभराहून अधिक इमारतींत तडे गेलेले आढळले. पोलाद मोडण्यापूर्वी वाकते आणि वाकताना भूकंपाची शक्ती पचविते, या श्रद्धेवर सारी रचना उभी होती. येथे तर ते काचेसारखे तडकले होते. बरोबर एक वर्षाने जपानात कोबे येथेही पोलादी सांध्यांची मोडतोड झाली. अमेरिकी संघराज्याच्या आपत्ती-निवारण खात्याने पैसा पुरविला, विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत पूर्ण आकाराचे सांधे मोडून पाहण्यात आले, आणि कारणे एकेक करून उजेडात आली: वेल्डिंगच्या धातूचा ठिसूळपणा, जोडाखाली तशीच सोडलेली आधारपट्टी, आणि कागदावरच्या आकड्यापेक्षा प्रत्यक्षात अधिक बळकट निघालेल्या तुळया.

उपायांपैकी एक विलक्षण होता. सांधा अधिक मजबूत करण्याऐवजी, खांबापासून थोड्या अंतरावर तुळईच्या वरच्या व खालच्या पट्ट्यांच्या कडा कमानीसारख्या कापून ती तेथे जाणूनबुजून दुबळी करावयाची. मग भूकंपात तुळई वाकते ती त्या ठिकाणी, आणि विजेचा फ्यूज स्वतः जळून पुढचे यंत्र वाचवितो तसा तो कापलेला भाग वेल्डिंगला वाचवितो. या रचनेचे अमेरिकेतील पेटंट लक्झेंबर्गच्या आर्बेड या पोलाद कंपनीकडे होते. तिने त्यावरील मोबदल्याचा हक्क सोडून दिला. या सांध्याच्या आराखड्यावर टेक्सास विद्यापीठाचे प्राध्यापक मायकेल एंगेलहार्ट यांनी १९९९ साली पोलाद-बांधकाम संस्थेच्या टोरँटो येथील अधिवेशनात टी. आर. हिगिन्स व्याख्यान दिले. हिगिन्स हे संस्थेच्या अभियांत्रिकी विभागाचे जुने प्रमुख, आणि त्यांच्या नावाचे हे व्याख्यान हाच या व्यवसायातील एक थोर सन्मान. ज्या धंद्याचा हिशेब टनांवर चालतो, त्याने पोलाद कापून टाकण्याच्या विद्येचा असा गौरव करावा, यात मला त्या संस्थेचे खरे मोठेपण दिसते. २००५ साली संस्थेने भूकंपप्रवण भागांसाठी पूर्वमान्य सांध्यांचे मानक काढले, त्यात ही कापलेली तुळई रीतसर दाखल झाली.

विद्यार्थ्यांसाठीही या संस्थेची एक स्पर्धा आहे. तिची राष्ट्रीय फेरी १९९२ पासून भरते. महाविद्यालयांचे चमू स्वतः घडविलेले भाग आणून घड्याळाच्या काट्यावर छोटा पोलादी पूल उभारतात, मग त्यावर वजन ठेवून तो किती वाकतो हे मोजले जाते. गुण मिळतात ते वेगाला, हलकेपणाला, ताठपणाला आणि देखणेपणालाही. जमिनीवर आखलेल्या नदीत पाय पडला किंवा हातातून बोल्ट निसटला, तर दंड होतो.