मशेरी ‘लावतात’, म्हणून ती व्यसन ठरत नाही

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, गार झाली की चुरून भुकटी करायची आणि ती बोटाने दातांवर, हिरड्यांवर चोळायची. ही मशेरी, काही भागांत मिश्री. विडी ओढतात, दारू पितात, गुटखा खातात. मशेरी मात्र ‘लावतात’. ग्रामीण महाराष्ट्रात आणि मुंबईच्या वस्त्यांमध्ये ती मुख्यतः बायकांची सवय, आणि तिची सुरुवात बहुधा दाढदुखीवरचा उपाय म्हणून होते.

चोळलेल्या भुकटीतलं निकोटिन तोंडाच्या नाजूक अस्तरातून थेट रक्तात उतरतं. मेंदूत डोपामिन वाढतं, तरतरी येते. नाडी आणि रक्तदाबही चढतात. नवखीला चक्कर येते, मळमळतं. साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं आणि हात पुन्हा डबीकडे जातो. सकाळचं दात घासणं दुपारी आणि रात्रीही होऊ लागतं, ते यामुळे. ‘मशेरीशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रारही खोटी नाही. निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवतं. ते थांबलं की काही दिवस बद्धकोष्ठता होते, डोकं दुखतं, चिडचिड वाढते.

भाजल्याने तंबाखू निर्धोक होत नाही. तिच्यातली कर्करोगकारक नायट्रोसामाइन्स असतातच, करपण्यातून बेन्झोपायरीनसारख्या घटकांची भर पडते. हिरड्या मागे सरकून दातांची मुळं उघडी पडतात. म्हणजे ज्यासाठी लावली, तेच बिघडतं. गालाच्या आत किंवा हिरडीवर उठणारा पांढरा चट्टा बहुधा दुखत नाही, म्हणून दाखवलाही जात नाही. असे काही चट्टे पुढे कर्करोगात बदलतात.

गरोदरपणात निकोटिन वारेतून गर्भापर्यंत पोचतं. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. धूर न होणारी तंबाखू, त्यातही मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचं वजन त्यात सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं.

महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तंबाखूच्या पुडीवर इशाऱ्याचं चित्र छापावं लागतं; घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला पुडीच नसते. दवाखान्यात ‘काही व्यसन?’ असं विचारलं तर मशेरी लावणारी बाई ‘नाही’ म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. ‘मशेरी लावता का?’ असं विचारलं, की लगेच ‘हो’ येतं.